फुलवंताचा गोटा

आमच्या जंगलाच्या पिपरझरी गेटवर आजवर बरेच गाईड झाले, पण उदेभान सयामसारखा खडूस गाईड दुसरा झाला नाही. एकदा नागपूरच्या एका साहेबांची टोपी वाऱ्याने उडाली आणि जिप्सीच्या मागच्या चाकापाशी पडली. साहेब म्हणाले, एक पाय टेकवतो आणि उचलतो. उदेभान मामा म्हणाला, नाही. साहेबांनी आपला हुद्दा सांगितला, मग आपल्या मेव्हण्याचा हुद्दा सांगितला. मामा समोर बघत बसून राहिला. मी हळूच म्हटलं, मामा, मी उतरून देतो, आसपास चितळसुद्धा नाही. तर तो मलाच म्हणाला, "टोपी बजारात भेटते, डोस्का नाही भेटत. चाल समोर." टोपी तिथेच राहिली. संध्याकाळी गेटवर साहेबांनी तक्रार केली, माझं बक्षीस बुडालं, आणि मी मामाला पोटभर शिव्या दिल्या. त्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि वर माझ्याकडूनच चहा उकळला.

मी तिलक. जातीने पोवार. आमचे वाडवडील कधीकाळी माळव्यातून या मुलखात आले आणि धानाच्या बांध्या घालून इथलेच झाले. मला शेतीत रस कमी आणि गाडीत जास्त, म्हणून सफारी सुरू झाली तशी मी एक जुनी जिप्सी घेतली. मामा मला जातीवरून चिडवायचा. म्हणायचा, "तुम्ही माळव्याचे पाव्हने. जेवले, झोपले, आन गेलेच नाही." एकदा मीही उलटून म्हटलं, मामा, तुम्ही तरी कुठे राहिलात आपल्या घरी? त्या दिवशी गेट येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. काही थट्टा एकाच बाजूने चालतात, हे मला तेव्हा कळलं.

कारण मामाचं घर जंगलाच्या आत होतं आणि आता ते नव्हतं. कोसमटोला त्या गावाचं नाव. आज तिथे गवताचं मोठं मैदान आहे. चितळांचे कळप दाखवायला आम्ही पर्यटकांना तिथेच नेतो. मामाच्या चुलीच्या जागेवर गवे रवंथ करत बसलेले मी पाहिले आहेत. मामाला त्यांचा राग नव्हता. उलट पर्यटकांना तो अभिमानाने सांगायचा की अठी अगुदर आमी राहत होतो, आता हे राहतात, आन आमच्यापेक्षा चांगले राहतात.

तो मिसरूड फुटल्यापासून वनमजूर होता. हिवाळा संपता संपता जंगलात जाळरेषा काढतात. म्हणजे एक पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, की उन्हाळ्यात वणवा लागला तर तो तिथे अडतो. हे काम तो जीव ओतून करायचा. वणवे लागायचे ते बहुतेक मोहापायी. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि आग हातची सुटली की पहाडी पेटते. मामाने यावरून आपल्या सख्ख्या साळ्याला बीटगार्डापुढे नेऊन उभं केलं होतं. त्याची बायको फुलवंता त्यानंतर कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. भात मात्र वेळेवर वाढत होती, असं तोच हसून सांगायचा. हा माणूस जंगल खात्याचा होता आणि गोंडही होता, दोन्ही मनापासून. या दोघांची आपल्याच पोटात कधी झुंज लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

आता गोट्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोसमटोल्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठी, बांबूच्या बेटामागे एक जुनं ऐनाचं झाड आहे. गोंड लोक त्याला साजा म्हणतात. त्यांचा मोठा देव साजात राहतो. त्या झाडाखाली ना देऊळ, ना मूर्ती, ना झेंडा. होते फक्त नाल्यातले गुळगुळीत गोटे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने नाल्यातून एक गोटा निवडून आणायचा. मग सवडीने कुळाची माणसं जमतात, ढोल वाजतो, कोंबडा आणि भात देवाला दाखवतात आणि तो गोटा साजाखाली आधीच्या गोट्यांत ठेवतात. तो जीव मग देवात मिसळला, आपल्या आजा-पणजांत जाऊन बसला. तोवर तो दारोदार भटकत असतो. हे एकट्याने, चोरून करायचं काम नाही. आणि ही जागा परक्याला सांगायची नाही. दाखवायची तर नाहीच, तिचं नावही बाहेरच्यापुढे काढायचं नाही. देवाची जागा उघडी पडली की देव उठून जातो, असं ते मानतात. मला हे सगळं फार उशिरा कळलं, आणि ज्या कारणाने कळलं ते कारण घडलं नसतं तर मी आयुष्यभर अडाणी राहायला तयार होतो.

१९९९ च्या उन्हाळ्यात खात्याचे एक साहेब कोसमटोल्यात आले. उन्हासाठी छत्री घेऊन फिरायचे म्हणून लोक त्यांना छत्रीवाले साहेब म्हणत. माणूस भला होता. जंगलात कोणाची कुठे शेती, कोणती पायवाट, कोणतं पाणी, कोणता देव, हे गावोगाव विचारत ते फिरत होते, कारण पुढे नियम कडक होणार होते आणि ज्याचं जे असेल ते आधीच माहीत असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पलीकडच्या बोंडझरीच्या लोकांनी आपली देवी दाखवली, नारळ फोडला आणि साहेबांच्या कपाळाला शेंदूर फासला. कोसमटोल्यात वाट दाखवायला सोबत उदेभान मामाच होता. गावची जाणती माणसं होती, पुजारी उदारामही होता. साहेब नाल्याच्या काठाने चढता चढता दमले आणि दम खायला थांबले ते नेमके त्या बांबूच्या बेटापाशी. त्यांनी सहज विचारलं, इकडे तुमचं काही देवस्थान वगैरे आहे का? सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"नाही जी," मामा म्हणाला. "अठी काही नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. साहेब छत्री उघडून पुढे निघाले. त्या दिवशी गावात मामाची वाहवा झाली. खात्याचा पगार खातो पण यानं देव विकला नाही, असं उदाराम चारचौघांत म्हणाला.

२०१२ साली कोसमटोला उठलं. जबरदस्ती झाली असं मी म्हणणार नाही. बैठका झाल्या, मोबदला ठरला, कोहमाऱ्याकडच्या सडकेला लागून घरं ठरली. गावात वीज नव्हती. बाळंतीण अडली की खाटेवर घालून न्यावी लागे. रानडुकरं धान ठेवत नव्हती. पोरंसोरं तर तयारच होती. म्हाताऱ्यांना मामाने तयार केलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपण हटलो तर जंगल वाढेल, वाघ येईल. आणि खात्याची माणसं आपल्या ओळखीची, वर्षातून एक दिवस पूजेला आत जायला कोण अडवतं? फुलवंता एकटी अडून बसली होती. ती त्याला म्हणाली होती, "तुहा वाघ येईल, खरं आहे. पन माहा देव कोठी जाईल?" मामाने ते हसण्यावारी नेलं. हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता.

नव्या वस्तीत घरं सरळ रांगेत, दारात नळ, खांबावर दिवा. आणि सडकेवर दिवसरात्र ट्रक. फुलवंताला झोप येईना. कोहमाऱ्याच्या एका धाब्यावर ती भांडी घासायला जाऊ लागली. जन्मभर मोह, तेंदू, चारोळी वेचलेली बाई, तिला परक्याची उष्टी ताटं घासताना मी पाहिलं आणि मला माझा चहा गोड लागला नाही. उठलेल्या गावच्या माणसांना खात्याने गाईडचं काम दिलं, त्यात मामा आमच्या गेटवर आला. तेव्हापासून आमची जोडी जमली. दुसऱ्या हिवाळ्यात फुलवंताचा ताप छातीत उतरला. गोंदियाच्या दवाखान्यात तिला माझ्याच गाडीतून नेलं. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला होता. कोहमारा मागे पडल्यावर ती बोलली.

"माहा गोटा तठीच ठेवजो. अठी सडकेवर नोको ठेवजो मले."

"होय व," मामा म्हणाला. "तठीच ठेवतो."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. दोन दिवसांनी ती गेली.

नाला जंगलातून खाली वाहत येतो तिथून मामाने तिच्या नावाचा गोटा निवडला. लिंबाएवढा, काळसर, मधोमध एक पांढरी रेघ. तो त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात राहू लागला. खिसा खाली ओढल्यासारखा दिसायचा. मी विचारलं, मामा, खिशात काय आहे? म्हणाला, काही नाही.

मग तो कचेरीत गेला. बोंडझरीच्या लोकांना चैत्रात एक दिवस देवीसाठी आत सोडत होते, ते त्याला माहीत होतं. आमच्या गावालाही असा एक दिवस भेटंल का, एवढंच त्याने विचारलं. बाबूने विचारलं, कोणत्या देवासाठी? कुठे? मामा गप्प. बाबू म्हणाला, तुमच्या गावचं आत काही देवस्थान नाही, असं तुम्ही लोकांनीच तेव्हा सांगितलं होतं. जागा सांगा, मग पुढे पाहू. उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, माझा देव वाघाच्या गुहेत आहे, ढोल घेऊन जाऊ द्या. बाबूचंही काही चुकत नव्हतं. मामा बाहेर आला. जागा सांगितली तर देव उठेल आणि नाही सांगितली तर फुलवंता भटकेल. या दोन्हींच्या मध्ये तो माणूस दीड-दोन वर्षं अडकून राहिला, आणि मी रोज त्याच्या शेजारी बसून वाघाचे ठसे शोधत होतो.

आमच्या रस्त्यावर एक वळण होतं. तिथे आलं की मामा म्हणायचा, जरा हळू घे. दूर बांबूच्या वर एका झाडाचा शेंडा दिसायचा, बाकी काही नाही. पर्यटक माना उंचावून विचारायचे, काय आहे, काय आहे? मामा म्हणायचा, झाड आहे.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्या बाजूला नवा रस्ता उघडला. आदल्या पावसाळ्यानंतर खात्याने वर एक पाणवठा बांधला होता. उन्हाळ्यात नाला आटतो आणि जनावरं पाण्यासाठी गावाकडे उतरतात, म्हणून बोअर मारून, सौरपंप बसवून, एक उथळ हौद केला. काम बाहेरून आणलेल्या मजुरांनी केलं. हौद नैसर्गिक दिसावा म्हणून काठाला दगड बसवले. काम उत्तम झालं होतं, कारण एक वाघीण तिथे दोन पिलं घेऊन मुक्कामालाच आली. मग पर्यटकांसाठी तिथवर रस्ता काढला.

पहिल्याच दिवशी आमचा नंबर लागला. गाडी नाल्याकडे वळली तसा मामा सरळ होऊन बसला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. एक हात त्याने खिशावर ठेवला होता. रस्त्यासाठी बांबूचं बेट साफ केलेलं होतं. समोर साजा उभा होता, त्याच्यापासून थोड्या अंतरावर पाणवठा, पाण्यात मागचं अंग बुडवून वाघीण बसलेली आणि काठावर पिलं खेळत होती. माझ्या मागे कॅमेरे सुरू झाले. मीही बघतच राहिलो. मामा वाघिणीकडे बघत नव्हता. तो साजाच्या बुंध्याशी बघत होता. तिथे मोकळी जमीन होती. मग त्याची नजर पाणवठ्याच्या काठावर गेली. काळे, तांबूस, करडे गोटे, एकाला एक लागून, अर्धे सिमेंटात.

उदेभान मामाने एक पाय खाली टाकला. मी त्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि त्याला आत ओढला. वाघिणीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"तिलक," तो म्हणाला, "ते माहे लोक आहेत गा."

मागे बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. तो वाघांबद्दल बोलतोय, असा त्यांचा समज झाला आणि त्यांचे डोळे भरून आले. गेटवर त्यांनी मामासोबत फोटो काढून घेतला. म्हणाल्या, जंगलावर प्रेम करावं तर असं. मामा मुकाट्याने फोटोला उभा राहिला.

त्या संध्याकाळी गेटमागच्या बाकावर बसून त्याने मला सगळं सांगितलं. साजा, गोटे, छत्रीवाले साहेब, सगळं. परक्यापुढे काढायचं नाही ते नाव त्याने माझ्यापुढे काढलं. मी म्हटलं, मामा, मला कशाला सांगता? तो म्हणाला, आता लपवायचं काय राहिलं? त्या काठात त्याचा बाप होता, आई होती, लहानपणी गेलेला एक भाऊ होता. कोणता गोटा कोणाचा, ते सिमेंटमुळे ओळखू येत नव्हतं. मजुरांना दोष काय द्यायचा? झाडाखाली आयते गोटे पडलेले, त्यांनी टोपल्या भरल्या. तिथे काही नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला, कारण माझे कोणी त्या सिमेंटात नव्हते आणि ज्याचे होते तो कोरड्या डोळ्यांनी बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच साहेबांकडे नेलं. तेव्हाच्या साहेब म्हणजे एक तरुण बाई होत्या, रुचि मॅडम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गाडी काढली आणि वस्तीवर आल्या. उदारामच्या ओसरीवर चटईवर बसल्या. म्हणाल्या, चूक कोणाची ते मला ठरवायचं नाही. उद्या मजूर लावते, काठ फोडून तुमचे गोटे सोडवून देते, आणि पूजेला एक दिवस आत जाऊ देते, ती जबाबदारी माझी. उदारामने आपलं पागोटं डोळ्यांना लावलं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. वस्तीत आल्यावर गेलेल्या आणखी काही माणसांचे गोटे घराघरांत गाडग्यात घालून आढ्याला टांगलेले होते, त्यांचाही रस्ता आता मोकळा होणार होता.

तेव्हा मामाने विचारलं, मॅडम, काठ फोडला तर पाणी राहील का? मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, नाही राहणार. हौद फुटेल, पुन्हा बांधून भरायला वेळ लागेल. वरचा नाला आटलाय, बाकीचे पाणवठे लांब आहेत. वाघीण पिलांना घेऊन खाली धानाच्या शेतांकडे येईल बहुतेक. पण ते माझं मी बघेन, तुम्ही त्याची काळजी करू नका.

मामा म्हणाला, पावसाळ्यात फोडू मॅडम. पाणी लागलं की फोडू.

उदाराम उठून उभा राहिला. "काऊन गा उदेभान? आपले मेलेले आधी का वाघ आधी?"

"मेलेले थांबू शकतेत," मामा म्हणाला. "पिल्लं नाही थांबत."

मला त्याचा आजही राग येतो. लोक म्हणतात मोठ्या मनाचा होता. असेल. पण त्या दिवशी त्याने हो म्हणायला हवं होतं. एक वाघीण शेतात आली असती, चार दिवस आरडाओरड झाली असती, खात्याने फटाके वाजवून तिला मागे पिटाळलं असतं. वाघीण काही अर्ज घेऊन थोडीच येणार होती? जी वेळ आपणहून चालून दारात आली होती, ती मामाने आपल्या हाताने परत पाठवली. फुलवंताने ज्या गोष्टीवरून त्याला विचारलं होतं तीच गोष्ट पुन्हा पुढ्यात आली, आणि त्याने पुन्हा वाघालाच आधी वाढलं.

पाऊस लागला, गेट बंद झालं, आणि श्रावण संपायच्या आत मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी पुढच्या साहेबांना सगळं समजावून सांगितलं, याबद्दल मला शंका नाही. नव्या साहेबांनी मामाला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, आमच्या जंगलातला हा सगळ्यात चांगला पाणवठा. सरकारी पैशाने बांधलेला. माझ्या एकट्याच्या अधिकारात तो फोडता येत नाही, वर विचारावं लागेल. विचारतो. त्यांनी विचारलंही असेल. पण उन्हाळा आला की जनावरांना पाणी हवं, पावसाळ्यात चिखलातून माणूस वर पोचत नाही, आणि हिवाळ्यात पर्यटकांची गर्दी, लोक गोंदियाला रेल्वेतून उतरतात ते त्याच पाणवठ्याचं नाव घेत. गोट्यांची पाळी काही आली नाही.

मी उदारामला विचारलं, वस्तीतच नवी जागा करा ना देवाला. तो म्हणाला, नवीन जागा मांडायला जुन्या जागेतला एक तरी गोटा लागतो, त्याशिवाय देव येत नाही. आणि जुने सगळे सिमेंटात. मग तो मामाबद्दल बोलला. 'नाही' याच्या तोंडातून निघालं होतं, म्हणाला. मी म्हटलं, बुवा, माना तर तुम्ही सगळ्यांनी डोलावल्या होत्या. पण वस्तीत लोक मामाच्या ओट्यावर बसायचे बंद झाले. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही, फक्त येणं सोडलं. मामाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. म्हणायचा, बरोबरच आहे त्यांचं.

गाईडचं काम त्याने सोडलं नाही. इतरत्र तो तसाच खडूस होता, पण पाणवठ्यावर गाडी थांबली की पर्यटकांना एक शब्द सांगायचा नाही. वाघीण कोणती, पिलं कुठे गेली, सगळं मीच सांगायचो. तो काठाकडे बघत ओठातल्या ओठात गोंडीत काहीतरी बोलायचा. मला गोंडी मोडकीतोडकी समजते. आधी वाटलं, मंत्र असेल. नंतर कान देऊन ऐकलं तर तो त्यांना वस्तीतल्या बातम्या सांगत होता. अमक्याच्या पोरीचं लग्न झालं, तमक्याला पोरगा झाला, नळाला पाणी येतं. आणि शेवटी दर वेळी तेच. फुलवंता माझ्यापाशी आहे, खिशात आहे, तिला घेऊन येतो, थोडी कळ काढा.

२०१८ च्या हिवाळ्यात, सकाळी उन्हाला अंगणात खाटेवर बसला असताना तो गेला. माझ्या हातात चाव्या होत्या, मी त्याला घ्यायला आलो होतो. खाकी शर्ट अंगात होता.

त्याची लेक दुर्गा तिरोड्याला दिलेली. ती आली, सगळं केलं, आणि नाल्यावर जाऊन बापाच्या नावाचा एक गोटा निवडून आणला. महिनाभराने एका सकाळी मी गेटवर गाडी पुसत होतो तर ती तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभी. पर्यटकांच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मी धावत गेलो. म्हटलं, दुर्गे, मला सांगायचं होतं, मी कोणाला तरी विचारलं असतं. ती म्हणाली, कोणाला विचारलं असतं दादा? बाबानं काय कमी विचारलं? तिकीट काढलं की आत जाऊ देतात, एवढं मला कळतं.

ती माझ्याच गाडीत बसली. गाईड होता उदारामचा नातू हिरालाल, मामाच्याच हाताखाली शिकलेला. पाणवठ्यावर आम्ही पोचलो तेव्हा वाघीण नव्हती. काठावर दोन मोर होते. पाणी स्वच्छ होतं आणि गोट्यांवर थोडं शेवाळ चढलं होतं. मी इंजिन बंद केलं. दुर्गाने पदराची गाठ सोडली, दोन्ही गोटे काढले, एक काळसर, पांढऱ्या रेघेचा, एक तांबूस, आणि दोन्ही तळहातांवर ठेवून हात गाडीच्या बाहेर धरले. हात बाहेर काढायला मनाई आहे. हिरालालने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पाह्य माय," ती म्हणाली. "पाह्य गा बाबा. सारे तठीच आहेत."

ती तशीच हात धरून बसली. तिचे हात भरून आले असतील, पण तिने खाली केले नाहीत. मागे दुसऱ्या जिप्सी येऊन थांबल्या, त्यातले लोक वाघ दिसतोय का म्हणून उभे राहून बघू लागले. पाणवठ्यावर एका गाडीला ठरलेला वेळ असतो. तो संपला तसं हिरालालने माझ्या खांद्याला हात लावला. मी मागे वळून दुर्गाकडे पाहिलं. तिने आपणच हात आत घेतले, गोटे पदरात बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"दादा," ती म्हणाली, "मी मेली तं ह्यायले पाह्यले कोन आनेल अठी?"

मागच्या गाड्या थांबल्या होत्या, म्हणून मी इंजिन सुरू केलं.